झापणं आणि गॉसिप : बोली इंग्रजीतले वाक्प्रयोग

कोणाची खरडपट्टी काढणं आणि कोणाच्या पाठीमागे कुचाळक्या करणं, दोन्हीसाठी बोली इंग्रजीत शब्दांची चंगळ आहे. झापण्याचे 'टेलिंग ऑफ', 'ड्रेसिंग डाउन', 'च्यू आउट' वगैरे आता वेबसिरीजमुळे सगळ्यांना ठाऊक झालेत, त्यामुळे अर्थ देत बसत नाही. उगम मात्र बघण्यासारखे आहेत. ढोबळमानाने झापण्याचे बरेच शब्द कायदा, लष्कर, साहेबाची केबिन अशा हुकूम सुटणाऱ्या जागांवरून आलेत आणि गॉसिपचे बरेचसे, लोक पाणी नाहीतर चहा प्यायला जमतात तिथून.

झापण्यात सगळ्यात पक्का पुरावा 'रीड द रायट ॲक्ट'चा. हा खराखुरा ब्रिटिश कायदा, १७१४ चा, अमलात आला १ ऑगस्ट १७१५ ला. १२ किंवा जास्त माणसं दंग्यासाठी जमली की मॅजिस्ट्रेटने पुढे होऊन ठरलेला मजकूर मोठ्याने वाचायचा, की राजाची आज्ञा आहे, ताबडतोब पांगा आणि मुकाट घरी नाहीतर कामाला लागा, आणि शेवटी 'गॉड सेव्ह द किंग'. त्यानंतर तासभराने पण जे हटले नाहीत त्यांना सुरुवातीच्या काळात थेट मृत्युदंडाची तरतूद होती. वाचण्यात कसूर चालायची नाही, १८३० च्या एका खटल्यात ते शेवटचं 'गॉड सेव्ह द किंग' राहून गेलं म्हणून शिक्षाच टिकली नाही! घरात पोरांना किंवा ऑफिसात हाताखालच्यांना दम भरणं हा अर्थ नंतरचा, साधारण एकोणिसाव्या शतकातला धरतात.

'हॉल ओव्हर द कोल्स' सोळाव्या शतकापर्यंत मागे जातो, निखाऱ्यांवरच्या अग्निपरीक्षेशी त्याचा संबंध जोडतात. 'कार्पेटिंग' म्हणजे नोकराला मालकासमोर गालिच्यावर उभं करून झापणं. आपल्या ऑफिसात 'साहेबाने फायरिंग दिली' म्हणतात तसं तिकडे जाऊन म्हणू नये, तिथे 'फायर' म्हणजे नोकरीच गेली.

गॉसिपमध्ये खरा वाद आहे तो ऑस्ट्रेलियातल्या 'फर्फी'बद्दल, म्हणजे उडतउडत आलेली, बहुधा खोटी निघणारी बातमी. व्हिक्टोरिया राज्यातल्या शेपर्टन गावात जॉन फर्फी यांचा ओतकामाचा कारखाना होता, तिथे पाण्याच्या टाक्या बसवलेल्या घोडागाड्या बनायच्या आणि टाकीवर ठळक अक्षरात 'फर्फी' लिहिलेलं असायचं. पहिल्या महायुद्धात मेलबर्नजवळच्या ब्रॉडमेडोजच्या छावणीत पाणी यायचं ते या गाड्यांतून, गाडीवाला चार ठिकाणी फिरून आलेला, सैनिक भोवती जमणार आणि मग कंड्या पिकणार. दुसऱ्या मताप्रमाणे शब्द आला जॉनचे भाऊ जोसेफ फर्फी यांच्यावरून, ते कादंबरीकार, आणि गंमत म्हणजे त्यांचं टोपणनाव 'टॉम कॉलिन्स', जे त्या काळच्या ऑस्ट्रेलियन बोलीत अफवेसाठीच वापरायचे. योगायोग भारी आहे पण शब्द सैनिकांच्या तोंडी रुळला आणि त्यांच्या डोळ्यासमोर रोज टाकी होती, कादंबरी नाही, त्यामुळे गाडीचं मत जास्त पटतं.

अमेरिकन नौदलातला 'स्कटलबट' याच जातीचा. बट म्हणजे पिंप, ते जहाजावर भोक पाडून पिण्याच्या पाण्यासाठी ठेवायचे, खलाशी तिथे घुटमळायचे, पुढे त्या गप्पांनाच ते नाव पडलं. 'ग्रेपव्हाइन' (शब्दशः द्राक्षवेल, म्हणजे कानोकानी पसरणारी बातमी) मात्र पाण्याचा नाही, तो तारायंत्राच्या चेष्टेतून आला. अमेरिकन यादवी युद्धात (१८६१-६५) फोफावला, पण आधीपासून होता असं दिसतं.

'स्पिल द टी', म्हणजे आतली बातमी फोडणं, यातला 'टी' चहा की 'ट्रुथ'चं आद्याक्षर? फ्रान्सिस ग्रोस यांच्या १७८५ च्या बोली शब्दकोशात चहाला 'स्कँडल ब्रॉथ' म्हटलंय, म्हणून काहीजण चहाच धरतात, पण मधली साखळी सापडत नाही. कृष्णवर्णीय ड्रॅग (स्त्रीवेश करून कार्यक्रम करणाऱ्या) कलाकारांच्या बोलीतलं आद्याक्षर हेच मूळ मानलेलं बरं.

अँग्लो-इंडियन इंग्रजीत साहेबलोकांच्या क्लबातल्या कुजबुजीला 'गप' म्हणायचे, हा शब्द आपल्याकडूनच गेलेला, १८८६ च्या हॉब्सन-जॉब्सन कोशात त्याची नोंद आहे.