दर भेटीमागचा खर्च आणि त्यातली फसगत

डॉ. जॅक गायगर यांनी अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात, माउंड बायू येथे १९६०च्या दशकात उभारलेल्या आरोग्य केंद्रात कुपोषित रुग्णांना चिठ्ठीवर चक्क अन्न लिहून दिले जाई. गावातले किराणा दुकानदार त्या चिठ्ठीवर माल देत आणि बिल केंद्राच्या औषधखर्चात पडे. यावर हरकत घेतली गेली, तेव्हा कुपोषणावरचा उपचार अन्न हाच आहे, असे उत्तर गायगर यांनी दिले. असा खर्च वैद्यकीय मानायचा की नाही, यावरच केंद्र काटकसरी ठरते की उधळे, हे पुष्कळदा अवलंबून असते.

वंचितांसाठीच्या अशा आरोग्य केंद्रांचे मूल्यमापन करताना सर्वांत सहज मिळणारा आकडा म्हणजे दर भेटीमागचा खर्च. तो फसवा आहे. मधुमेहाच्या रुग्णाला पाऊण तास देऊन, दुभाष्याच्या मदतीने इन्सुलिन कसे टोचून घ्यायचे हे समजावले, तर ती भेट महाग पडते. त्यालाच घाईने वाटेला लावले आणि साखर आटोक्यात न आल्याने तो आणखी चारदा आला, तर भेटी वाढतात, सरासरी उतरते आणि कागदोपत्री केंद्र अधिक कार्यक्षम दिसते.

१९७८ साली चार्न्स, कूपर आणि ऱ्होड्स यांनी मांडलेल्या ‘डेटा एन्व्हलपमेंट अ‍ॅनालिसिस’ या कार्यक्षमता मोजण्याच्या पद्धतीत प्रत्येक केंद्राची तुलना सरासरीशी न करता, तेवढ्याच साधनांत सर्वाधिक काम करणाऱ्या केंद्रांशी केली जाते. मात्र रुग्ण अधिक आजारी किंवा बेघर असतील आणि हिशेबात त्याची दखल घेतली नसेल, तर त्यांचे दारिद्र्यच केंद्राची अकार्यक्षमता म्हणून नोंदले जाते.

शिवाय बचत केंद्राच्या वहीत दिसतच नाही. ती रुग्णालयाच्या टळलेल्या बिलात असते. मेडिकेड या सरकारी विमा योजनेतील १३ राज्यांच्या रुग्णांवरील, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात केंद्रांत प्राथमिक उपचार घेणाऱ्यांवरचा एकूण खर्च इतरांपेक्षा २४ टक्क्यांनी कमी आढळला. केंद्र निवडणारे रुग्ण मुळातच वेगळे असू शकतात, ही शंका त्यावर घेता येते. म्हणून मला बेली आणि गुडमन-बेकन यांचा २०१५चा अभ्यास अधिक भक्कम वाटतो. १९६५ ते १९७४ या काळात निरनिराळ्या काउंट्यांत (म्हणजे अमेरिकेतल्या जिल्ह्यांत) केंद्रे वेगवेगळ्या वर्षी उघडली, याचा उपयोग करून त्यांनी दाखवले की केंद्र उघडल्यापासून दहा वर्षांच्या आत पन्नाशीपुढच्यांचा मृत्युदर सुमारे २ टक्क्यांनी घटला. एवढ्या सावकाश दिसणारा परिणाम एका वर्षाच्या ताळेबंदात सापडणे शक्यच नाही.