रूल की क्विक स्टेप? आउटलुकमध्ये कुठलं काम कुणाकडे द्यायचं

आलेला मेल फोल्डरमध्ये टाकणे, वाचल्याची खूण करणे, कॅटेगरी लावणे, कुणाला तरी फॉरवर्ड करणे ही आउटलुकमधली रोजची हमाली. ती कमी करायला दोन सोयी आहेत, रूल आणि क्विक स्टेप. दोन्ही होम टॅबवरच सापडतात आणि दोन्हींच्या यादीत जवळपास तीच कामं दिसतात. त्यामुळे ज्याला जे आधी सापडतं तो तेच सगळीकडे लावत सुटतो. मग एकाचे महत्त्वाचे मेल परस्पर फोल्डरमध्ये जाऊन पडतात आणि दुसरा दिवसभर बटणं दाबत बसतो.

फरक एका गोष्टीत आहे. रूलला अट लागते: अमक्याकडून आला असेल तर, विषयात तमका शब्द असेल तर, माझं नाव फक्त सीसीमध्ये असेल तर. अट जुळली की मेल येताक्षणी काम होऊन जातं, तुम्ही जागेवर असा वा नसा. क्विक स्टेपला अट नसतेच. मेल वाचायचा, ठरवायचं आणि एक कळ दाबायची. पुढची चार-पाच कामं ती ओळीने उरकते. म्हणजे निर्णय तुमचा, हातकाम आउटलुकचं. (हे सगळं विंडोजवरच्या जुन्या, क्लासिक आउटलुकबद्दल लिहितोय. क्विक स्टेप त्यात २०१० च्या आवृत्तीपासून आहे, रूल त्याच्या कितीतरी आधीपासून.)

क्विक स्टेप एकदा बनवून बघा. समजा बिलांचे मेल येतात. प्रत्येक बिल तुम्ही बघता, बरोबर असेल तर अकाउंट्सला पाठवता, मग कॅटेगरी लावता आणि "बिलं" फोल्डरमध्ये टाकता. यातलं "बरोबर असेल तर" हे कुठल्याही रूलला कळणार नाही, म्हणून हे काम क्विक स्टेपचं. होम टॅबवरच्या क्विक स्टेप्सच्या चौकटीत "क्रिएट न्यू" वर क्लिक करा. नाव द्या, पहिली कृती फॉरवर्ड निवडा आणि अकाउंट्सचा पत्ता भरा. तिथेच "शो ऑप्शन्स" उघडलं की ठरावीक मजकूर आधीच लिहून ठेवता येतो. त्याच्या खाली एका मिनिटाने आपोआप पाठवायची टिकही आहे. ती केली नाही तर फॉरवर्डची खिडकी उघडून थांबते आणि सेंड तुम्हाला दाबावं लागतं. पैशांच्या मेलला ती टिक न केलेलीच बरी. मग "अॅड अॅक्शन" करत कॅटेगरी, मार्क अॅज रीड आणि मूव्ह टू फोल्डर जोडा. शेवटी शॉर्टकट की म्हणून कंट्रोल+शिफ्ट+१ निवडा. झालं.

या कळा कंट्रोल+शिफ्ट+१ पासून ९ पर्यंतच, म्हणजे नऊच मिळतात. दिवसातून दहादा होणाऱ्या कामांनाच त्या द्या. आठवड्यातून दोनदा होणाऱ्या कामाला उंदीर पुरतो: चौकटीतल्या नावावर क्लिक करा, किंवा मेलवर उजवी क्लिक करून तिथूनच क्विक स्टेप निवडा. आणि शिफ्ट नीट दाबा. शिफ्ट सुटलं तर कंट्रोल+२ थेट कॅलेंडरवर नेऊन ठेवतं आणि मेल कुठे गायब झाले म्हणून क्षणभर गोंधळ उडतो. कंट्रोल+१ ने परत यायचं. एका दमात बरेच मेल हलवायचे असतील तर पहिल्यावर क्लिक, शेवटच्यावर शिफ्ट धरून क्लिक, मधले नकोत ते कंट्रोल धरून वगळा आणि मग एकदाच क्विक स्टेप. उंदीर आणि कीबोर्ड यांची जोडी इथे खरी जमते.

आता रूल. रात्री बॅकअप झाला की सर्व्हर रोज एक मेल पाठवतो. वाचायला कुणी जात नाही, पण नोंद म्हणून हवा असतो. हे रूलचं अगदी सरळ काम. बहुतेक जण मेलवर उजवी क्लिक करून रूल्समधलं "ऑलवेज मूव्ह मेसेजेस फ्रॉम" निवडतात आणि मोकळे होतात. घोळ इथेच होतो. त्या झटपट रूलमध्ये फक्त पाठवणाऱ्याची अट असते. बॅकअप फसल्याचा मेलही त्याच पत्त्यावरून येतो, तोही गुपचूप त्याच फोल्डरमध्ये जातो. शिवाय नव्या मेलची सूचना मूळ सेटिंगमध्ये फक्त इनबॉक्ससाठी असते, म्हणजे कोपऱ्यात साधी पट्टीसुद्धा सरकत नाही. बॅकअप बंद पडल्याचं कळतं ते फाइल परत मिळवायची वेळ येते तेव्हा.

म्हणून तो रूल "मॅनेज रूल्स अँड अलर्ट्स" मधून उघडा आणि अपवादांच्या पायरीपर्यंत जा. विषयात अमुक शब्द असतील तर सोडून दे, असा पर्याय तिथे आहे. तुमचा सर्व्हर बिघाडाच्या मेलमध्ये जे शब्द लिहितो, फेल्ड, एरर वगैरे, ते तिथे भरा. अपवाद न लिहिलेला रूल मला तरी अर्धवटच वाटतो. सीसीवाल्या रूललाही हेच लागू: साहेबांचे मेल वगळा, बाकीचे खुशाल जाऊ देत.

रूल वरून खाली क्रमाने चालतात. विझार्डमधून बनवलेल्या रूलमध्ये बहुधा "स्टॉप प्रोसेसिंग मोअर रूल्स" आधीच टिक केलेलं असतं, म्हणजे त्या रूलने मेल उचलला की खालचे रूल त्याला हात लावत नाहीत. एखादा रूल बरोबर दिसूनही चालत नसेल तर आधी त्याच्या वरचे रूल तपासा. त्यातल्याच एखाद्याने मेल वरच्यावर अडवलेला असतो.

काही रूलच्या नावापुढे क्लायंट-ओन्ली असं लिहिलेलं दिसेल. आवाज वाजवणे, प्रिंट काढणे, मेल आपल्याच मशीनवर साठवायच्या पीएसटी फाइलमध्ये टाकणे ही कामं सर्व्हरला करता येत नाहीत. आउटलुक उघडं असेल तरच हे रूल चालतात. खातं एक्स्चेंजवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या मेल-सर्व्हरवर असेल तर बाकीचे सर्व्हरवर चालतात, लॅपटॉप बॅगेत असला तरी. "रन रूल्स नाऊ" मधून एखादा रूल जुन्या मेलवर हाताने चालवताही येतो, आणि तेवढ्यापुरता तो क्विक स्टेपसारखाच वागतो. फोल्डर नव्याने लावताना हे फार कामी येतं.

रूलने कुठेतरी नेऊन टाकलेला मेल शोधताना मात्र सवयीने कंट्रोल+एफ दाबू नका. आउटलुकमध्ये ते फॉरवर्ड आहे. मायक्रोसॉफ्टमधले जुने प्रोग्रॅमर रेमंड चेन यांनी यामागची गोष्ट लिहून ठेवली आहे: एका बीटा टेस्टरने ही कळ फॉरवर्डसाठीच हवी असा आग्रह धरला, आणि तो टेस्टर होता बिल गेट्स. शोधायला कंट्रोल+ई, उघडलेल्या मेलच्या आत शब्द शोधायला एफ४. शोध चालू फोल्डरपुरता अडकला असेल तर कंट्रोल+ऑल्ट+ए.

क्विक स्टेप न बनवताही बरंच भागतं, हेही खरं. कंट्रोल+शिफ्ट+व्ही ने फोल्डरची यादी उघडते, कंट्रोल+क्यू ने मेल वाचलेला होतो, इन्सर्ट दाबलं की झेंडा लागतो. मेल उंदराने ओढून कॅलेंडरच्या चिन्हावर सोडला की भेटीची नोंद तयार होते. एकच कृती असेल तर या कळा पुरेत. तीन कृती लागोपाठ होत असतील तेव्हा क्विक स्टेपकडे वळा.

फॉरवर्डबाबत एक अडचण बऱ्याच जणांना कळत नाही. संस्थेबाहेरच्या पत्त्यावर रूलने आपोआप फॉरवर्ड होणारे मेल एक्स्चेंज ऑनलाइन (मायक्रोसॉफ्टची क्लाउडवरची मेलसेवा) मूळ सेटिंगमध्येच अडवतं, कारण खातं हॅक करणारे सगळ्यात आधी असाच रूल लिहून ठेवतात. म्हणजे तुमचा रूल बिनचूक असला तरी बाहेरच्या सल्लागाराला मेल पोचत नाही. क्विक स्टेपने केलेला फॉरवर्ड तुम्ही स्वतः पाठवलेल्या मेलसारखाच जातो. आयटीकडे सवलत मागत बसण्यापेक्षा, रोजचे दोन-तीनच मेल असतील तर तिथे उरलेल्या कळांपैकी एक खर्च करा.