पाटी, वाटी आणि ‘क = ख’

‘प्रोग्रामिंग रक्तातच असावे लागते’ हे वाक्य संगणकशास्त्र शिकवणाऱ्यांच्या तोंडून आजही ऐकू येते. २००६ मध्ये या समजाला शास्त्राचा आधार मिळाल्यासारखे वाटले. प्रोग्रामिंगचा एकही तास न झालेल्या विद्यार्थ्याची छोटी चाचणी घेतली, तर तो पुढे उत्तीर्ण होईल की नाही हे सांगता येते, असा दावा लंडनच्या मिडलसेक्स विद्यापीठातील सईद देहनादी आणि रिचर्ड बोर्नाट यांनी केला. २०१४ मध्ये बोर्नाट यांनी तो जाहीरपणे मागे घेतला. चाचणीतला प्रश्न मात्र मोलाचा आहे.

‘क = १०, ख = २०, क = ख’ या तीन ओळी एकापाठोपाठ चालवल्या, तर शेवटी क आणि ख मध्ये काय उरेल? कोणी म्हणतो, अदलाबदल होईल. कोणी म्हणतो, २० क मध्ये गेले म्हणून ख रिकामा झाला. कोणी बेरीज करून क मध्ये ३० ठेवतो. यांतले एकही उत्तर मठ्ठपणाचे नाही. शाळेत ‘=’ हे समानतेचे चिन्ह म्हणून शिकलेल्या मुलाला ‘क = क + १’ हे चूकच वाटणार. यंत्राच्या लेखी मात्र तो हुकूम आहे: आधी उजवीकडची किंमत काढ, मग ती डावीकडे लिही.

त्यातच व्हेरिएबल (क, ख यांसारखे किंमत साठवणारे नाव) म्हणजे वाटी किंवा डबा, ही वर्गातली नेहमीची उपमा घोळ वाढवते, कारण एका वाटीतले ताक दुसरीत ओतले की पहिली रिकामी होते. मला पाटीची उपमा अधिक योग्य वाटते. ख च्या पाटीवरचा आकडा वाचायचा, क ची पाटी पुसायची आणि तो आकडा तिथे लिहायचा. ख ची पाटी जशीच्या तशी राहते आणि क वरचे १० कायमचे जातात. म्हणूनच ‘क = ख, ख = क’ लिहून अदलाबदल होत नाही, दोन्हीकडे २०च येतात; १० आधी तिसऱ्या पाटीवर उतरवून घ्यावे लागतात.

यंत्राच्या कारभाराच्या अशा चित्राला संशोधक बेनेडिक्ट ड्यू बुले यांनी ‘नोशनल मशीन’ म्हटले. ते मनात नसले, की ‘मला काय म्हणायचे आहे ते संगणकाला कळेल’ ही अंधश्रद्धा त्याची जागा घेते. संशोधक रॉय पी यांनी १९८६ मध्ये तिला ‘सुपरबग’ असे नाव दिले, आणि संगणक सगळे समजून घेतो असे सांगणाऱ्या जाहिराती तिला खतपाणीच घालतात.

रेमंड लिस्टर आणि सहकाऱ्यांच्या २००४ मधील सात देशांच्या अभ्यासात अनेक नवशिक्यांना काही ओळींचा प्रोग्राम वाचून त्याचे उत्तर सांगता आले नाही. कच्च्या कागदावर टप्प्याटप्प्याने किमती मांडत जाणाऱ्यांची उत्तरे अधिक वेळा बरोबर आली. आपल्याकडे याला ‘ड्राय रन’ म्हणतात, आणि जर्नलमध्ये तयार प्रोग्राम उतरवून काढण्याच्या घाईत तोच मागे पडतो.

राहिला प्रश्न ‘येणारे’ आणि ‘न येणारे’ अशा दोन गटांचा. असे गट खरेच असते, तर गुणांच्या आलेखात दोन उंचवटे दिसले असते. एलिझाबेथ पतित्सास आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये एका मोठ्या विद्यापीठातील संगणकशास्त्राच्या ७७८ वर्गांच्या निकालांमधील गुणांची विभागणी तपासली, तेव्हा एकाहून अधिक उंचवटे असल्याची चिन्हे त्यांतल्या केवळ ५.८ टक्के निकालांत आढळली.