पेट्रोलचा काटा चुकतोय: मीटर गेलं की टाकीतला फ्लोट?

सोलापूर ते तुळजापूर साधारण 45 किलोमीटर. मागच्या मे महिन्यात बाईकवर तळे हिप्परगा मागे टाकलं तेव्हा पेट्रोलचा काटा अर्ध्यावर होता. तामलवाडीच्या अलीकडे गाडीने दोन आचके दिले आणि बंद पडली. काटा तेव्हाही अर्ध्यावरच! मागे आई बसलेली, डोक्यावर दुपारचं ऊन. त्या दिवशी गाडी ढकलताना ठरवलं, की हा दोष मुळापासून समजून घ्यायचा.

गॅरेजमध्ये पहिलंच उत्तर मिळालं, "मीटर गेलंय मालक, अख्खा सेट बदला." मीटर धडधाकट होतं. बिघाड टाकीत होता. ही चूक फार जणांच्या बाबतीत होते, कारण दोन्ही बिघाड समोर त्या एकाच काट्यावर दिसतात.

टाकीत एका लोखंडी दांडीच्या टोकाला फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगणारा तुकडा, असतो. पेट्रोलबरोबर तो वर-खाली होतो आणि दांडीच्या दुसऱ्या टोकाची पत्ती एका पट्टीवर घासत सरकते. पत्ती जिथे असेल तसा त्या पट्टीचा रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, बदलतो. मीटर बिचारं तेवढंच वाचतं. त्याला पेट्रोल दिसत नाही.

फ्लोटचं युनिट बिघडलं की काटा ठरावीक जागीच दगा देतो. अर्ध्यापर्यंत नीट उतरतो आणि तिथून एकदम शून्यावर जातो, किंवा एका जागी अडकून खड्ड्यात गाडी आदळली की सुटतो. त्या जागेवर पट्टी झिजलेली किंवा काळी पडलेली असते. आपल्याकडे "दोनशेचं टाका" ही सवय. त्यामुळे फ्लोट कायम तळाजवळच फिरतो आणि पट्टीचा तेवढाच भाग झिजत राहतो. वर टाकी सतत रिकामी राहिली तर आतल्या दमट हवेने पत्रा गंजतो आणि ती घाण युनिटवर बसते. फ्लोटला भोक पडून त्यात पेट्रोल शिरलं तर तो बुडतो. मग टाकी गच्च भरली तरी काटा खालीच.

मीटर बिघडलं तर टाकीत किती पेट्रोल आहे याचा काट्याशी संबंधच राहत नाही. भरा, संपवा, तो हलत नाही. काचेवर टिचकी मारल्यावर हलला तर दोष मीटरमध्येच असण्याची शक्यता जास्त. मात्र काही गाड्यांत चावी बंद केल्यावरही काटा आहे तिथेच थांबतो. तो बिघाड नव्हे.

खात्री करायला कप्लर, म्हणजे वायरींचा जोड, काढून बघावं लागतं. काट्याच्या साध्या मीटरसाठी ही रीत: चावी बंद. टाकीखाली युनिटचा कप्लर असतो, तो सोडवा. टाकीचं झाकण घट्ट लावलेलं हवं आणि आसपास पेट्रोल सांडलेलं नको, कारण ठिणगी पडू शकते. मीटरकडे जाणाऱ्या कप्लरमधल्या दोन वायरी वायरच्या एका तुकड्याने एकमेकींना जोडा, मग चावी चालू करा. काटा मुद्दाम संथ ठेवलेला असतो, म्हणून अर्धा मिनिट थांबा. तो एका टोकाला गेला आणि तुकडा काढल्यावर दुसऱ्या टोकाला आला, तर मीटर आणि वायरिंग दोन्ही ठीक. गुन्हेगार टाकीत आहे. वायर जास्त वेळ जोडून ठेवू नका. आणि डिजिटल मीटर किंवा फ्युएल इंजेक्शनच्या गाडीवर हा प्रयोग अजिबात करू नका. तिथे त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधलीच तपासणी करावी.

काटा हललाच नाही तरी लगेच मीटरवर आळ घेऊ नका. हँडल डावीकडे-उजवीकडे वळवताना काटा हलला तर हँडलपाशी वायर आतून तुटत आलेली असते. इंडिकेटरच्या लुकलुकण्याबरोबर काटा डुलला तर अर्थिंग कच्चं. दोन्ही कामं किरकोळ, आणि दोन्हींसाठी लोक मीटर बदलून बसतात.

युनिट काढायचंच झालं तर मोकळ्या जागेत, इंजिन पूर्ण गार झाल्यावर, सकाळी. आपल्या उन्हाळ्यात दुपारी टाकी उघडली की वाफ भसकन बाहेर येते. काढलेल्या युनिटची दांडी सावकाश फिरवत मल्टिमीटरवर ओहम, म्हणजे रेझिस्टन्सचा आकडा, बघा. आकडा सलग बदलायला हवा. मध्येच उडी मारली तर पट्टी गेली. टाकी भरल्यावर आकडा कमी असावा की जास्त, हे गाडीनुसार बदलतं, तेव्हा उलटा आकडा पाहून घाबरू नका. परत बसवताना नवीन रबरी वॉशर घाला. जुना पुन्हा वापरला तर पेट्रोल झिरपू शकतं, आणि खाली तापलेलं इंजिन असतं.

दुरुस्ती होईपर्यंत टाकी पूर्ण भरून ट्रिप मीटर शून्यावर घ्या आणि किलोमीटरवरून हिशोब ठेवा. इंजेक्शनच्या गाडीत तर पेट्रोल तळाला जाऊच देऊ नका. तिथला पंप पेट्रोलनेच गार राहतो, आणि कोरडा फिरला तर काट्यापेक्षा कितीतरी मोठा खर्च अंगावर येतो.

नवीन युनिट बसवल्यावर मी टाकी रिकामी ठेवून एकेक लिटर पेट्रोल ओतलं आणि दर लिटरला काटा कुठे येतो ते वहीत लिहिलं. माझ्या गाडीत काटा तांबड्या रेघेला टेकतो तेव्हा आत दीड लिटर असतं.