बुटक्या ढगांची वीज

डिसेंबरात जपानच्या पश्चिम किनाऱ्यावर वीज कडाडली की तोयामाच्या आखातातले मच्छीमार खूश होतात. या विजेला ते ‘बुरी-ओकोशी’ म्हणतात, म्हणजे बुरी माशाला जागं करणारी. ढग गडगडले की बुरीचा हंगाम आला. आपल्या कोकणात पहिल्या पावसाच्या गडगडाटाबरोबर चढणीच्या माशांची आठवण निघते, तसंच हे. फक्त तिथे त्या वेळी बर्फ पडत असतो.

बर्फ पडताना वीज कशी? आपल्या मनात वीज वळवाशी जोडलेली आहे. वैशाखात दिवसभर जमीन भाजून निघते, दुपारनंतर ढग चढू लागतो आणि बघता बघता १२-१५ किलोमीटर उंच जातो. जपानच्या या किनाऱ्यावर जमिनीचं काम समुद्र करतो. सायबेरियावरून येणारं बोचरं वारं जपानच्या समुद्रावरून वाहतं आणि खाली त्सुशिमा नावाचा उबदार प्रवाह असतो. थंडीच्या पहाटे विहिरीच्या पाण्यावर वाफ दिसते ना, तोच प्रकार शेकडो किलोमीटरभर चालतो. त्यातून ढग तयार होतात, पण वरची हवा त्यांना फार चढू देत नाही. पाच-सहा किलोमीटरवर त्यांचा माथा संपतो. वळवाच्या ढगापुढे हे बुटकेच. तरीही कानाझावा शहरात वर्षातले सरासरी ४०हून अधिक दिवस गडगडाट ऐकू येतो आणि त्यातले बरेचसे दिवस हिवाळ्यातले असतात.

या ढगात विजेचा भार कसा साठतो, ते एका दाण्यापासून समजून घेऊ. साबुदाण्याएवढा, पांढरा, भुसभुशीत बर्फाचा दाणा. गोठणबिंदूखाली जाऊनही द्रवच राहिलेले पाण्याचे थेंब त्याला चिकटतात आणि तिथेच गोठतात, असा तो वाढतो. वाटेत त्याच्यावर बर्फाचे बारीक स्फटिक आपटून उडतात. उणे १० अंशांहून थंड हवेत या टकरींत दाणा ऋणभारित होतो आणि स्फटिक धनभारित. स्फटिक हलके, ते वर जातात. दाणे जड, ते खाली राहतात. वळवाच्या ढगात हे सगळं सहा-सात किलोमीटर उंचीवर चालतं. जपानी हिवाळ्यात ते दोनेक किलोमीटरवर, जवळजवळ डोक्यावरच चाललेलं असतं.

पुढचं सगळं या बुटकेपणातून येतं. वरच्या जोरदार वाऱ्याने ढगाचा धनभारित माथा एका बाजूला सरकतो आणि मध्ये ऋणभाराचं छत न राहिल्याने थेट जमिनीसमोर येतो. म्हणून हिवाळ्यात धनभाराची वीज पडण्याचं प्रमाण उन्हाळ्यापेक्षा बरंच जास्त असतं. ती बराच वेळ वाहत राहते आणि खूप भार ओतते. नेहमीच्या विजेतून काही दहा कूलोम भार उतरतो. इथे तो कधी ३०० कूलोमच्याही वर जातो. शिवाय ढग इतका जवळ असतो की उंच मनोऱ्याच्या किंवा पवनचक्कीच्या टोकावरूनच वीज निघते आणि वर ढगाकडे धावते. त्या किनाऱ्यावरच्या पवनचक्क्यांची पाती त्यामुळे फुटत आली आहेत.

मला सगळ्यांत थक्क करणारी नोंद ६ फेब्रुवारी २०१७ची आहे. याच पट्ट्यातल्या काशिवाझाकीच्या किनाऱ्यावर भौतिकशास्त्रज्ञ तेरुआकी एनोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गॅमा किरण टिपणारी उपकरणं मांडून ठेवली होती. या कामासाठी काही पैसे लोकांकडून वर्गणी काढून जमवले होते. गॅमा किरण हवेत काहीशे मीटरांतच विरतात, त्यामुळे उंच ढगातले किरण सहसा जमिनीपर्यंत पोचत नाहीत. बुटक्या ढगातले पोचतात. त्या संध्याकाळी समुद्रावर वीज चमकली आणि उपकरणांना आधी गॅमा किरणांचा क्षणभराचा प्रचंड झोत दिसला. मग सुमारे मिनिटभर ०.५११ मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टचे किरण येत राहिले. हा आकडा म्हणजे पॉझिट्रॉनची, इलेक्ट्रॉनच्या धनभारित जुळ्या भावाची, सही. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन भेटून नाहीसे होतात, तेव्हा नेमके याच ऊर्जेचे किरण सुटतात. विजेने हवेतल्या नायट्रोजनच्या केंद्रकातून न्यूट्रॉन उडवला होता. उरलेला नायट्रोजन-१३ किरणोत्सारी होता, तो पॉझिट्रॉन सोडत होता आणि वाऱ्याबरोबर वाहत उपकरणांवरून जात होता. वीज अणुकेंद्रकालाही हात घालते, हे तिथे पक्कं झालं.

ढगातल्या विद्युत्‌दाबाचं मोजमाप आपल्याकडेही झालं आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने जपानी विद्यापीठांच्या साथीने उटीला अवकाशातून येणारे वैश्विक किरण टिपणारा ग्रेप्स-३ प्रयोग उभारला. १ डिसेंबर २०१४च्या एका ढगात त्यांना सुमारे १३० कोटी व्होल्टचा दाब आढळला.

याच बुटक्या ढगांखाली टोर्नेडोही उतरतात. अमेरिकेतल्या मैदानांवरचा टोर्नेडो लांबून दिसतो, त्याचा पाठलाग करता येतो. इथला काहीशे मीटर रुंद, काही मिनिटांचा सोबती, आणि तोही हिमवादळात दडलेला. नेहमीच्या हवामान रडारलाही तो सहज सापडत नाही. पृथ्वी गोल असल्याने १०० किलोमीटरवरच्या रडारचा झोत जमिनीपासून किलोमीटरभर किंवा त्याहूनही वरून निघून जातो. उंच ढगाचा बराच भाग तरी त्यात येतो. बुटक्या ढगाच्या तळाशी फिरणारी हवा मात्र झोताखालीच राहते.

याची किंमत २५ डिसेंबर २००५च्या संध्याकाळी कळली. यामागाता प्रांतातल्या शोनाई मैदानात मोगामी नदीचा पूल ओलांडताच ‘इनाहो १४’ ही एक्स्प्रेस वाऱ्याच्या एका झोताने रुळांवरून फेकली गेली. पाच जण गेले, तीसहून अधिक जखमी झाले. पुलाजवळ वारा मोजणारं यंत्र होतं, पण त्याने गाडी थांबवण्याइतका वारा नोंदवला नव्हता. इतका अरुंद झोत एका ठिकाणच्या यंत्राला चुकवून सहज जाऊ शकतो.

मग संशोधकांनी रडारच शोनाईत नेलं. २००७पासून रेल्वे आणि जपानच्या हवामान संशोधन संस्थेने त्या मैदानात छोटी डॉपलर रडारं आणि जागोजागी वारा मोजणारी केंद्रं लावली. डॉपलर रडारला ढगातले कण आपल्याकडे येताहेत की दूर जाताहेत ते कळतं. एकमेकांना लागून दोन उलट दिशा दिसल्या की तिथे हवा गरगरते आहे असं समजायचं. हिवाळ्यामागून हिवाळे हे भोवरे टिपले गेले, ते कुठून येतात आणि किती टिकतात याचा हिशेब जमला. २०१७च्या हिवाळ्यापासून त्या मार्गावरच्या गाड्या या रडारच्या इशाऱ्यावर थांबवल्या जातात. समुद्रावरून येणारा भोवरा रुळांच्या दिशेने निघाला की गाडी जागच्या जागी उभी राहते, आणि तो पुढे सरकून गेला की निघते.