पार्श्वभूमी : डीआयडी, आल्टर आणि बदलणारं अक्षर

डीआयडी (डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर) म्हणजे एकाच माणसात वेगवेगळी व्यक्तिमत्त्वं आलटून-पालटून पुढे येण्याचा मानसिक विकार, आणि त्यातलं प्रत्येक व्यक्तिमत्त्व म्हणजे आल्टर. आल्टर बदलला की अक्षर बदलतं, हे निरीक्षण डीआयडी या नावाच्या फार आधीचं आहे. पेनसिल्व्हेनियातल्या एका तरुणीला १८११ च्या सुमारास 'दुसऱ्या' अवस्थेत लिहायला नव्याने शिकवावं लागलं, तेव्हा ती आधी उजवीकडून डावीकडे अक्षरं काढू लागली. पुढे १८८६ मध्ये फ्रान्समधल्या ल हाव्रच्या प्रयोगांत रुग्ण स्त्रीचा हात तिच्या नकळत लिहायचा आणि भलत्याच नावाने सही करायचा. वेगळं अक्षर हा वेगळ्या आल्टरचा पुरावा मानावा का, हा आजचा वाद मात्र १९५० च्या दशकातल्या, अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या कागदांवरून सुरू होतो.

तिथल्या डॉक्टरांना एका रुग्णेचं सही नसलेलं पत्र आलं. बहुतेक मजकूर तिच्या नेहमीच्या वळणाचा, शेवटच्या ओळी मात्र लहान मुलाने काढाव्यात तशा. पुढे तिच्या वेगवेगळ्या आल्टरांचे नमुने लष्कराच्या प्रयोगशाळेतल्या तज्ज्ञाकडे गेले. त्याच्या अभिप्रायाचे दोन भाग होते. वरवर पाहता हे वेगवेगळ्या माणसांचं लिखाण वाटतं, हा पहिला. बारकाईने तपासल्यावर सगळं एकाच व्यक्तीचं आहे याबद्दल शंका उरत नाही, आणि मुद्दाम अक्षर लपवल्याची खूणही नाही, हा दुसरा. पुढची कित्येक वर्षं लोकांनी पहिला भागच सांगितला. आमच्या मते खरा ऐवज दुसऱ्या भागात आहे.

अक्षराचा तिरकेपणा, आकार, गोलाई, जोडून लिहिणं की सुटं लिहिणं, हे सगळं कुणालाही थोड्या सरावाने बदलता येतं आणि मनःस्थितीनेही बदलतं. अक्षरांच्या उंचीचं आपसातलं प्रमाण, शब्दांमधली जागा, पेन कुठे उचललं जातं, रेघ कोणत्या दिशेने सुरू होते, या सवयींकडे लिहिणाऱ्याचं लक्षच नसतं, म्हणून त्या टिकतात. मुद्दाम अक्षर बदलणाऱ्याचा वेग मंदावतो, रेघ थरथरते, नको तिथे पेन थांबतं आणि दोन-तीन ओळींत जुनं वळण डोकावतं. 'डावखुऱ्या' आल्टरचं लिखाण म्हणून सर्वांत फसवं. न सरावलेल्या हाताची रेघ तशीही कापरीच येते, त्यामुळे ढोंग आणि कच्चेपणा वेगळे करणं अवघड होतं.

आपल्याकडे गोंधळात भर घालतो 'हस्ताक्षरतज्ज्ञ' हा शब्द. अक्षरावरून स्वभाव सांगणारा ग्राफॉलॉजिस्टही हस्ताक्षरतज्ज्ञ आणि कोर्टात साक्ष देणारा दस्तऐवज-परीक्षकही हस्ताक्षरतज्ज्ञ! पुराव्याच्या कायद्यातलं जुनं कलम ४५ (आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं ३९) यातल्या दुसऱ्याला, म्हणजे परीक्षकाला, विचारतं ते इतकंच, की हे लिखाण कुणाचं. लिहिताना कोणता आल्टर पुढे होता, हे त्याच्या कक्षेत येतच नाही.

बालआल्टरच्या, म्हणजे लहान मुलासारखं वागणाऱ्या आल्टरच्या, अक्षराबाबत १९५१ चा एक संमोहनप्रयोग लक्षात ठेवावा. सहा वर्षांच्या वयात 'नेलेल्या' प्रौढाने बाळबोध अक्षरात लिहिलं खरं, पण अवघड शब्दांची स्पेलिंगं अचूक! अक्षराचं रूप मागे गेलं, ज्ञान गेलं नाही.

१९८० मध्ये अमेरिकी निदानपुस्तिकेत हा विकार स्वतंत्रपणे आला आणि वेगळं अक्षर हा ठोस पुरावा मानण्याकडे कल वाढला. खून केलेल्या १२ डीआयडी रुग्णांच्या १९९७ मधल्या अभ्यासात १० जणांच्या लिखाणाच्या शैलीत किंवा सहीत ठळक फरक नोंदले गेले. यात 'कुणी लिहिलं' हा प्रश्नच नव्हता. म्हणजे जॉर्जियाच्या अभिप्रायाशी या निष्कर्षाचा काही विरोध नाही.

दरम्यान भर दुसरीकडे सरकला होता. १९८६ च्या २८ प्रश्नांच्या डिसोसिएशन (जाणीव आणि आठवणी तुटणं) प्रश्नावलीत अक्षराच्या वळणाबद्दल काही नाही. आपणच लिहिलेले असणार असे कागद सामानात सापडतात, पण लिहिल्याचं आठवत नाही, असं होतं का, एवढंच ती विचारते. २०१३ च्या पुस्तिकेतही हाच दाखला विस्मृतीच्या वर्णनात येतो. वेगळं अक्षर हा निदानाचा निकष नाही.

तरीही नमुने गोळा करायचेच असतील तर मूळ कागद हवेत, कारण झेरॉक्समध्ये पेनचा दाब दिसत नाही. एकाच बैठकीतल्या दोन चिठ्ठ्या पुरत नाहीत. वेगवेगळ्या दिवशीचे, त्याच पेनाने, तशाच कागदावर आणि बसून लिहिलेले बरेच नमुने लागतात. प्रकरण सुरू होण्याआधीच्या वह्या-पत्रांना जास्त वजन असतं. चालू औषधांची नोंदही शेजारी असावी : हॅलोपेरिडॉलसारख्या गोळ्यांनी अक्षर बारीक होत जातं आणि लिथियमने हात कापतो. आल्टर म्हणून नोंदलेला फरक कधीकधी गोळीचा निघतो.