अफ्रोफ्युचरिझम मार्व्हलने काढला? छे!

२०१८ला मार्व्हल ह्या सुपरहिरोवाल्या कंपनीचा 'ब्लॅक पँथर' पिक्चर आला आणि तेव्हापासून जो तो सांगत सुटलाय की अफ्रोफ्युचरिझम (म्हणजे आफ्रिकी वंशाच्या लोकांची संस्कृती आणि अंतराळ-भविष्याच्या कल्पना एकत्र गुंफणारी कला) ही मार्व्हलची स्टाईल. अहो, शब्दच मुळात १९९०च्या दशकातला, मार्क डेरी नावाच्या अमेरिकन समीक्षकाचा, आणि तोसुद्धा उशिराच आला म्हणायचा, कारण त्याच्या कितीतरी आधी सन रा नावाचा जॅझवाला मी शनीवरून आलोय असं बिनधास्त सांगायचा (आपल्याकडे शनी म्हटलं की साडेसाती, ह्याचं तर ते गावच!) आणि प्राचीन इजिप्तच्या राजासारखे चमचमते झगे घालून स्टेजवर यायचा. सत्तरच्या दशकात जॉर्ज क्लिंटन ह्या अमेरिकन फंक गायकाच्या शोमध्ये तर अख्खं अंतराळयान स्टेजवर उतरायचं, त्याची नंतर बनवलेली प्रत आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन म्युझियममध्ये आहे.

पिक्चर भारीच आहे, वाद नाही. पण त्यातल्या राणीचा तो थ्रीडी प्रिंटेड मुकुट बघा ना, तो दक्षिण आफ्रिकेच्या झुलू समाजातल्या लग्न झालेल्या बायकांच्या पारंपरिक टोपीवरून घेतलाय.

आणि हे सगळं नुसतं हॉलिवूडमध्येच चालतं असंही नाही, केनियातल्या नैरोबीचा कलाकार सायरस काबिरू भंगारातल्या तारा-पत्र्यांचे असले भन्नाट चष्मे बनवतो की बघतच राहाल.